हातातील बुद्धिबळाचे यंत्र



बुद्धिबळ खेळावयाचे म्हणजे पट लागतो, मोहरी लागतात, थोडी फुरसत लागते. परंतु ह्या सर्वांहून दुर्मीळ अशी जी गोष्ट लागते ती म्हणजे प्रतिपक्षी. कबड्डीस मैदानावर एक हाक घातली की दहा गडी धावून येतात. बुद्धिबळाचे तसे नाही. आपल्या वाशीम जिल्ह्यात रिसोड, मालेगाव, मानोरा, मंगरुळपीर, कारंजा ह्या तालुक्यांतील एखाद्या खेड्यात कुणी मुलगा हा खेळ शिकतो, दोन-चार महिन्यांत घरातील वडीलधाऱ्यांस हरवू लागतो, आणि मग त्याची गाडी तेथेच अडते. कारण त्याच्याहून किंचित बरा खेळणारा मनुष्य पंचक्रोशीत नसतो, अथवा असलाच तर सोयाबीनच्या सुगीत त्यास पटाशी बसण्याची सवड नसते. आपल्याहून थोडा वरचढ असा गडी रोज मिळणे ही ह्या विद्येत पुढे जाण्याची मुख्य अट होय. मुंबईच्या खाडिलकर भगिनींचे उदाहरण पाहा. भारतातील पहिली राष्ट्रीय महिला बुद्धिबळ स्पर्धा १९७४ साली झाली; ती वासंती खाडिलकर ह्यांनी जिंकली, आणि पुढील कित्येक वर्षे ते अजिंक्यपद वासंती, जयश्री व रोहिणी ह्या तिघी बहिणींच्याच घरात फिरत राहिले. त्यांच्या बुद्धीविषयी शंका नाहीच. तथापि एकाच छपराखाली तीन तोलाच्या खेळाडू असणे हे भाग्य कितीजणांच्या वाट्यास येते? ज्यांस ते लाभत नाही त्यांच्यासाठी एक लहानसे साधन आज उपलब्ध आहे. त्याचा उपयोग कसा करावा, आणि प्रस्तुत लेखकाच्या हातून तो प्रथम कसा चुकला, हे सांगण्यासाठी हा लेख लिहिला आहे.

आमच्या शाळेच्या एका माजी विद्यार्थ्याने आपल्या लहानपणीचे बुद्धिबळाचे यंत्र काही वर्षांपूर्वी ग्रंथालयास भेट दिले. आकाराने ते कंपासपेटीहून थोडे रुंद, वजनाने एका पाठ्यपुस्तकाहूनही हलके. काळ्या प्लॅस्टिकचे अंग, मधोमध करड्या काचेचा चौकोन, त्यात चौसष्ट घरे, आणि खाली बटणांची रांग. बॅटरीचे लहान सेल घातले म्हणजे चौकोनात मोहऱ्यांच्या बारीक आकृती उमटतात. दुसऱ्या एका प्रकारात काच नसून खरोखरीचा लहान पट असतो. त्यावर भोके असतात आणि खुंटीसारखी मोहरी त्यांत बसवावयाची असतात. मोहरे उचलताना व ठेवताना ते घर किंचित दाबले की यंत्रास खेळी कळते. दोन्ही प्रकारांचे तत्त्व एकच आहे. प्रथम ज्या घरातून मोहरे काढावयाचे ते घर दाखवावयाचे, नंतर जेथे न्यावयाचे ते. खेळी नियमाबाहेरची असेल तर यंत्र एक कर्कश आवाज काढते आणि ती स्वीकारीत नाही. तुमची खेळी झाली की ते क्षणभर, कधी कधी मिनिटभर, स्वस्थ राहते, आणि मग आपले उत्तर दाखविते.

आता कुणी म्हणेल, मोबाईल फोनमध्ये ह्याहून शतपट चांगले बुद्धिबळ फुकट मिळत असता ह्या जुन्या डबीचे कौतुक कशास? म्हणणे खरे आहे. बलाच्या दृष्टीने आजच्या साध्या फोनपुढे ही डबी काहीच नव्हे. परंतु आमच्या बोर्डिंगात फोनास मज्जाव आहे, आणि तो का आहे हे पालकांस सांगावयास नको. फोनात बुद्धिबळाच्या शेजारी शंभर दारे उघडी असतात; ह्या डबीस एकच दार आहे. शिवाय रात्री वीज गेली तरी तिचे काही अडत नाही (मात्र काचेस स्वतःचा उजेड नसल्याने कंदील जवळ घ्यावा लागतो).

यंत्राशी पहिली ओळख होताना आपल्या भागात एक गंमत हटकून होते. ते ज्या नियमांनी खेळते ते आंतरराष्ट्रीय नियम होत. आणि आपल्या खेड्यांतील जुनी मंडळी खेळतात ती देशी पद्धती निराळी. एकदा रविवारी उपासनेनंतर मिशनच्या आवारातील निंबाखाली एका वृद्ध गृहस्थांच्या हाती मी हे यंत्र दिले. ते आयुष्यभर बुद्धिबळ खेळलेले. यंत्राने आपले प्यादे पहिल्याच खेळीस दोन घरे पुढे टाकले, तेव्हा त्यांनी ते माझ्यापुढे धरून विचारले, "काहून मास्तर, हे प्यादं एका डावात दोन घरं कसं पयते? मशीन खोटं खेयते बाप्पा!" त्यांचा राग अनाठायी नव्हता. देशी खेळात प्यादे एकेकच घर चालते. किल्लेकोट नसतो, त्याऐवजी राजास एकदा घोड्याची उडी मिळते. आणि शेवटच्या घरी पोहोचलेले प्यादे ज्या स्तंभात असेल त्या स्तंभाचे मोहरे होते, हवे ते होत नाही. आंतरराष्ट्रीय नियमांत प्याद्यास पहिल्या खेळीस दोन घरांची मुभा आहे, किल्लेकोट आहे, आणि शेवटच्या घरी पोहोचलेल्या प्याद्याचा वजीर करता येतो. तेव्हा ज्यांनी घरी आजोबांपासून खेळ शिकला आहे त्यांनी यंत्र घेण्यापूर्वी हे भेद समजून घ्यावे. त्यात कमीपणा काहीच नाही. पंजाबातील मीर सुलतान खान हे देशी पद्धतीतच वाढले. विलायती नियम त्यांनी मोठेपणी शिकले, आणि १९२९ साली इंग्लंडात जाऊन तेथील अजिंक्यपद जिंकले, व पुढे १९३२ आणि १९३३ सालीही जिंकले.

ही डबी विचार करते म्हणजे काय करते? ती आपल्यासारखा विचार करीत नाही, ती मोजते. डावाच्या आरंभी पांढऱ्यास वीस प्रकारे खेळता येते: आठ प्यादी, प्रत्येकी एक किंवा दोन घरे, ह्या सोळा खेळ्या, आणि दोन घोडे, प्रत्येकी दोन घरी, ह्या चार. काळ्यासही तितक्याच मोकळ्या असतात. म्हणजे दोघांची एकेक खेळी होताच चारशे निरनिराळ्या स्थिती संभवतात. पुढे ही संख्या इतक्या वेगाने वाढते की अमेरिकेतील गणितज्ञ क्लॉड शॅनन ह्यांनी १९५० साली प्रसिद्ध केलेल्या एका निबंधात संभाव्य डावांची संख्या एकावर एकशे वीस शून्ये इतकी अदमासली. एवढे सर्व कोणतेही यंत्र पाहू शकत नाही. म्हणून ते काही खेळ्या पुढे पाहते आणि तेथे थांबून हिशेब करते: प्यादे एक, घोडा तीन, उंट तीन, हत्ती पाच, वजीर नऊ, अशा किमती धरून कोणाकडे किती उरले, राजा किती सुरक्षित आहे, मोहरी किती मोकळी आहेत, ह्यांची बेरीज-वजाबाकी करते, आणि तुम्हीही आपापल्या परीने उत्तमच खेळाल असे गृहीत धरून जेथे त्याचा हिशेब बरा निघेल ती खेळी निवडते. हीच कल्पना शॅनन ह्यांनी त्या निबंधात मांडली होती, आणि आपल्या हातातील डबी तिचेच दूरचे अपत्य होय.

रात्री कंदील घेऊन धुऱ्यावरून चालणाऱ्या मनुष्यास उजेड पडतो तेवढीच वाट दिसते. त्यापुढे विहीर असली तरी त्यास ती दिसत नाही. लहान यंत्राचे तसेच आहे. चार खेळ्यांच्या उजेडात त्यास फुकटचे प्यादे दिसते. ते वजिराने मारून घेते. आणि त्या वजिराची परतीची वाट सहाव्या खेळीस बंद होणार आहे हे त्याच्या उजेडाबाहेर राहते. उलट त्या उजेडाच्या आत मात्र त्याची नजर कधीही चुकत नाही. तुमचा घोडा निराधार राहिला आणि त्यास तो दिसला नाही, असे वरच्या पायरीवर होणार नाही. मनुष्य थकतो, उताविळी करतो, शेजारच्या गप्पा ऐकतो; यंत्र ह्यातले काही करीत नाही.

बुद्धिबळ खेळणाऱ्या यंत्राची हौस जुनी आहे. १७७० साली व्हिएन्ना येथे केंपेलेन नामक गृहस्थाने पगडी घातलेला एक 'तुर्क' दरबारात आणला. तो खेळे, पण पेटीत माणूस लपविलेला असे. स्पेनमधील टोरेस केवेदो ह्यांनी १९१२ च्या सुमारास बनविलेले यंत्र मात्र अस्सल होते. ते पुरा डाव खेळत नसे. आपला राजा व हत्ती घेऊन समोरच्याच्या एकट्या राजास मात करणे एवढेच त्यास येई, आणि ते त्यास अचूक येई. १९९७ च्या मे महिन्यात आय.बी.एम. कंपनीच्या 'डीप ब्लू' ह्या संगणकाने जगज्जेता गॅरी कास्पारोव्ह ह्यास सहा डावांच्या सामन्यात साडेतीन विरुद्ध अडीच गुणांनी हरविले. तो संगणक एका सेकंदास सुमारे वीस कोटी स्थिती पाही. आपली डबी त्याच्या मानाने खेड्यातील शाळामास्तर समजावी, आणि शाळामास्तरांचा उपयोग असतो हे मी स्वतः तो धंदा करीत असल्याने आग्रहाने सांगू शकतो.

यंत्रावर एक बटण पायरीचे असते. मुले त्यास 'लेव्हल' म्हणतात. पायरी वाढविली की यंत्र अधिक पुढचे पाहते व अधिक वेळ घेते. सर्वांत खालच्या पायऱ्यांवर ते फारच थोडे पुढचे पाहते, आणि काही यंत्रे तर नवशिक्यास धीर यावा म्हणून मुद्दाम वाईट खेळ्या करतात. ही सोय दयाळूपणाची आहे, पण तिच्यात एक खड्डा आहे. त्या खड्ड्यात आमचा एक विद्यार्थी पडला आणि त्यास ढकलणारा मीच होतो.

तो मानोऱ्याकडील एका खेड्यातून आठवीत आमच्या बोर्डिंगात आला. अबोल मुलगा. घरची माणसे सुगीनंतर कामासाठी बाहेरगावी जात, म्हणून सुटीतही तो पुष्कळदा बोर्डिंगातच राही. त्यास बुद्धिबळ येते असे कळल्यावर मी ते यंत्र त्याच्या स्वाधीन केले आणि पाठ थोपटून निघून गेलो. दीड महिन्याने तो म्हणाला, "सर, मी त्याला रोज हरवतो." पाहतो तो खरेच. राजापुढचे प्यादे दोन घरे, मग उंट सी-४ वर, मग वजीर एच-५ वर, आणि चौथ्या खेळीस वजिराने एफ-७ वरील प्यादे मारून मात. पहिल्या पायरीवरील यंत्र दहांतून सात-आठ वेळा ह्या एकाच सापळ्यात सापडे. राहिलेल्या वेळी तो एक खेळी परत घेण्याचे बटण दाबी, आणि दुसरे काही करून पाही. त्याने चाळीस डाव जिंकले होते. खरे पाहता एकच डाव चाळीस वेळा जिंकला होता. हे माझ्या ध्यानात यावयास हवे होते. मी त्याचे कौतुक केले, वर्गातही केले, आणि त्या हिवाळ्यात एका शालेय स्पर्धेस त्यास घेऊन गेलो.

तेथे पहिल्याच डावात त्याने वजीर एच-५ वर आणला. समोर बसलेल्या मुलीने आपला घोडा सी-६ वर आधीच ठेवला होता. तिने शांतपणे जी स्तंभातील प्यादे एक घर पुढे टाकून वजिरास हुसकावले. तो एफ-३ वर गेला. तोच तिचा दुसरा घोडा एफ-६ वर आला आणि सापळा मिटला. आता ह्याचा वजीर अशा घरी बसला होता जे त्याच्याच घोड्याचे उत्तम घर. पुढे काय करावे हे त्यास माहीतच नव्हते, कारण पाचवी खेळी त्याने क्वचितच खेळली होती. दुसऱ्या डावात त्याने एका मोहऱ्यास हात लावला, मग विचार बदलून दुसरे उचलले. पंचांनी नियम सांगितला की हात लावलेले मोहरेच खेळले पाहिजे. यंत्राने त्यास हे कधी शिकविले नव्हते. दिवसअखेर पाच डावांत त्यास एक गुण मिळाला, आणि तोही विश्रांतीचा, म्हणजे समोर गडीच नव्हता तेव्हाचा. परत येताना एस.टी.त तो खिडकीबाहेर पाहत बसला. दुसऱ्या दिवशी यंत्र माझ्या टेबलावर, सेल काढून वेगळे ठेवलेले, मला मिळाले. "सर, मला हे नको," एवढेच तो म्हणाला. दोन महिने त्याने मोहऱ्यास हात लावला नाही.

ज्याच्याजवळ आपले असे फारसे काही नाही अशा मुलास आपण एक गोष्ट देतो, तीत तू प्रवीण आहेस असे सांगतो, आणि ते खरे नसते. ह्याची टोचणी मला लागून राहिली. त्या दोन महिन्यांत मी स्वतः रात्री यंत्राशी खेळू लागलो, आणि बहुधा हरू लागलो. त्या हरण्यांतून जी रीत सुचली ती पुढे दोघांनी मिळून पाळली. तीच आता सांगतो.

पहिली गोष्ट पायरीची. ज्या पायरीवर तुम्ही नेहमी जिंकता ती सोडा, आणि ज्या पायरीवर नेहमी हरता तीही सोडा. तीन डावांत एखादा जिंकाल अशी पायरी शोधा. तेथे दोन हरता, पण का हरलो हे समजण्याजोगे असते. त्या पायरीवर निम्मे डाव जिंकू लागलात की एक पायरी वर जा. आठवडाभर निराशा येईल, ती येऊ द्यावी.

दुसरी गोष्ट, खेळी परत घेण्याचे बटण. ह्या बटणाशी मुलांनी भांडण करावे असे माझे मत आहे. चुकून भलतेच घर दाबले गेले तर त्याचा उपयोग करावा. विचार चुकला असता करू नये. चूक झाली तर तिच्यासह डाव शेवटास न्यावा. डाव संपल्यावर मात्र तेच बटण उत्तम गुरू होते: मागे मागे जाऊन जेथे पारडे फिरले तेथे थांबावे, आणि तेथून निराळी खेळी करून पाहावी. तसेच 'हिंट' नावाचे बटण. त्यास खेळी विचारण्याआधी आपली खेळी कागदावर लिहावी. दोन्ही जुळल्या तर बरेच. न जुळल्या तर खरा अभ्यास तेथून सुरू होतो, कारण यंत्र खेळी सांगते, कारण सांगत नाही. ते कारण तुम्हांस शोधावे लागते. माझ्या अनुभवाने ते पाचांतून तीन वेळा सापडते. उरलेल्या दोन वेळा यंत्राचीच खेळी सामान्य असते, आणि हे ओळखता आले म्हणजे विद्यार्थी पुष्कळ पुढे गेला असे समजावे.

तिसरी गोष्ट वहीची. पटाच्या उभ्या स्तंभांस डावीकडून ए, बी, सी, डी, ई, एफ, जी, एच अशी अक्षरे आणि आडव्या ओळींस पांढऱ्याच्या बाजूने १ ते ८ असे अंक असतात. त्यावरून प्रत्येक घरास नाव मिळते. प्रत्येक खेळी लिहून काढावी. मोठ्या स्पर्धांत ती लिहावीच लागते, म्हणून हात आधीच वळलेला बरा. शक्य असेल तेव्हा शेजारी खरा पट मांडून यंत्राच्या खेळ्या त्यावर चालवाव्या. काचेतील बारीक आकृतींत उंट व प्यादे ह्यांत घोटाळा होतो, आणि पटाकडे पाहण्याची डोळ्यांची सवय काचेवर लागत नाही. मोहऱ्यास हात लावण्याआधी विचार संपविणे हेही खऱ्या पटावरच शिकता येते.

परंतु ह्या यंत्राचा सर्वांत चांगला उपयोग मला डावाच्या शेवटाकडे दिसला. बहुतेक यंत्रांत पूर्ण डाव न खेळता हवी तेवढीच मोहरी हव्या त्या घरी मांडण्याची सोय असते. मुले तिकडे वळतच नाहीत, कारण चार मोहऱ्यांच्या पटात त्यांस शोभा वाटत नाही. पण तेथेच खेळाचे व्याकरण आहे. प्रथम टोरेस केवेदो ह्यांच्या यंत्राचा पाठ घ्यावा: तुमचा राजा व हत्ती, समोर यंत्राचा एकटा राजा. बिनचूक खेळल्यास कोठूनही सोळा खेळ्यांच्या आत मात होते. तुम्हांस आरंभी तीस-चाळीस लागतील. पन्नास खेळ्यांत मात, मोहरे मारणे अथवा प्याद्याची चाल ह्यांपैकी काहीच झाले नाही तर प्रतिपक्षी बरोबरी मागू शकतो, हेही ध्यानात असू द्यावे. आमच्या मुलास पहिल्या संध्याकाळी सत्तेचाळीस लागल्या. चार दिवसांनी वीस.

त्यानंतर ही स्थिती मांडा. पांढरा राजा डी-६ वर, पांढरे प्यादे ई-६ वर, काळा राजा डी-८ वर; दुसरे काही नाही. खेळी काळ्याची असेल तर काळा हरतो: राजा ई-८ वर जातो, प्यादे ई-७ वर येते, काळ्या राजास एफ-७ हे एकच घर उरते, मग पांढरा राजा डी-७ वर येतो आणि प्याद्याचा वजीर होण्यास कोणी अडवू शकत नाही. परंतु तीच स्थिती आणि खेळी पांढऱ्याची असेल तर? प्यादे ई-७ वर येऊन शह देते, काळा राजा ई-८ वर जातो, आणि आता पांढऱ्याने प्यादे राखण्यासाठी राजा ई-६ वर आणला तर काळ्या राजास शह नाही आणि हालण्यास घरही नाही. अशी कोंडी झाली की डाव बरोबरीत सुटतो. राजा दुसरीकडे नेला तर प्यादेच जाते. एका मोहऱ्याचाही फरक नाही, केवळ खेळी कोणाची एवढाच; आणि एका बाजूस हार, दुसऱ्या बाजूस अर्धा गुण! ह्याच्या मागील नियम थोडक्यात असा की, अशा वेळी एकट्या राजाने मागे हटावे लागले तर प्याद्याच्या समोर सरळ रेषेत मागे जावे, आणि समोरचा राजा पुढे आला की त्याच्या बरोबर समोर उभे राहावे. ही गोष्ट वाचून कळत नाही. यंत्रास पांढरी बाजू देऊन आपण काळी घ्यावी आणि वीस वेळा बचाव करावा. यंत्र कंटाळत नाही, हाच येथे त्याचा मोठा गुण.

ह्यावरून यंत्राने माणसाची उणीव भरून निघते असे मात्र मी म्हणणार नाही. समोरच्याचा श्वास, त्याचे चुळबुळणे, घड्याळाकडे गेलेली नजर, आणि स्वतःच्या छातीतील धडधड, ह्यांची सवय डबीपाशी होत नाही. आपल्या विदर्भाच्या, नागपूरच्या दिव्या देशमुख हिने २०२५ साली जॉर्जियातील बाटुमी येथे महिलांचा विश्वचषक जिंकला, तेव्हा अंतिम सामन्यात तिच्यासमोर तिच्याहून वयाने व अनुभवाने पुष्कळ मोठ्या अशा कोनेरू हंपी होत्या. पहिले दोन डाव बरोबरीत गेले; २८ जुलै रोजी जलद डावांत तिने दीड विरुद्ध अर्धा असा विजय मिळविला व त्याच दिवशी तिला ग्रँडमास्टर ही पदवी लाभली. तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. आजचे सर्वच मोठे खेळाडू संगणकावर अभ्यास करतात. परंतु अशा घटकेस समोर संगणक नसतो, माणूस असतो. म्हणून आमच्या ग्रंथालयात आता नियम केला आहे की यंत्राशी दोन डाव झाले की तिसरा डाव कोणातरी विद्यार्थ्याशी खेळावयाचा, मग तो कितीही नवशिका असो. त्या निमित्ताने शिकलेल्याने न शिकलेल्यास चार गोष्टी सांगाव्या लागतात, आणि सांगताना त्याच्या स्वतःच्या डोक्यात त्या नीट बसतात.

तो मुलगा दोन महिन्यांनी पुन्हा पटाशी बसला. बसविले ते मी नव्हे, बोर्डिंगातील एका लहान मुलाने. त्यास घोडा कसा चालतो हे शिकावयाचे होते. पुढल्या वर्षी त्याच स्पर्धेत आम्ही गेलो. सहा डावांत त्याने तीन जिंकले, दोन हरला. राहिलेल्या एका डावात तो सर्व वेळ मागे पडत गेला, एकेक मोहरे गेले, आणि शेवटी त्याच्याजवळ नुसता राजा उरला, समोर राजा व एक प्यादे. मी दाराशी उभा होतो. प्रतिपक्षी प्यादे ढकलीत आला. हा राजा सरळ मागे नेत गेला, एक घरही तिरपे न जाता. आणि बरोबर डी-८ वर, खेळी समोरच्याची असता, येऊन उभा राहिला. एस.टी.त त्याने त्या डावाच्या खेळ्या मला दोनदा वाचून दाखविल्या. जिंकलेल्या तीन डावांच्या नाही.

आता यंत्राच्या जपणुकीविषयी थोडे. उन्हाळ्याच्या सुटीत सेल आत ठेवू नयेत. आपल्याकडील मे महिन्याच्या उष्णतेत ते पाझरतात आणि आतील पितळी पट्ट्या हिरव्या पडतात. आमच्याकडे एकदा तसे झाले. कापसास थोडे लिंबू लावून पट्टी पुसली, कोरडी केली, तेव्हा यंत्र पुन्हा चालू लागले. काच उन्हात ठेवल्यास काळी पडते. डाव अर्धा राहिला तर यंत्र बंद करताच बहुधा तो आत शिल्लक राहतो, पण सेल काढले की जातो. म्हणून वहीवर भरवसा ठेवावा, डबीवर नाही. यंत्र शनिवारी दुपारी ग्रंथालयात मिळते, नाव नोंदवून एका वेळी दोन दिवसांसाठी. त्याबरोबर दोरीने बांधलेली वही असते आणि ती यंत्रासह परत करावयाची असते. पहिली वही भरली. दुसऱ्या वहीची सुरुवात सातवीतील एका मुलीने केली आहे. तिची पहिली नोंद अशी: "लेव्हल दोन. हरले. एकोणिसाव्या खेळीत घोडा फुकट गेला. का ते कळले नाही. उद्या पटावर मांडून पाहणार."